सुलूने उशिरा सांगितलेली गोष्ट

१९४२ साली लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता रेसकोर्सवरच्या तबेल्यांत माणसं राहायला आणली गेली. लीदीचा वास भिंतींत मुरलेला. पाच वर्षांच्या जॉर्ज टाकेईला मात्र घोड्यांच्या जागेत झोपण्याची गंमत वाटली. आईवडिलांना त्या रात्री काय वाटलं असेल, हे त्याला मोठेपणी कळलं.

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं गेलं. त्यांतले बहुतेक जण अमेरिकेचेच नागरिक होते. टाकेई कुटुंबाला आधी आर्कान्सामधल्या रोवर छावणीत आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या टूली लेक छावणीत ठेवलं. छावणीच्या शाळेत मुलं रोज सर्वांना न्याय देणाऱ्या देशाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेत, तेव्हा खिडकीबाहेर काटेरी तार आणि पहाऱ्याचा मनोरा दिसे.

सुटकेनंतर वाढत्या वयाच्या जॉर्जने जेवणानंतर वडिलांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. ज्या देशाने कैदेत टाकलं, त्याच देशाची लोकशाही वडील मुलाला समजावून सांगत राहिले: ती माणसांच्या सहभागावर चालते, म्हणून सहभागी व्हायचं. टाकेई यांच्या साऱ्या सार्वजनिक आयुष्याचं मूळ या गप्पांत आहे.

जॉर्ज पुढे अभिनेता झाला. ८ सप्टेंबर १९६६ रोजी ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. अमेरिकी पडद्यावर आशियाई माणूस तोवर बहुधा नोकर, विदूषक किंवा खलनायक असे. टाकेई यांनी साकारलेला हिकारू सुलू अंतराळयानाचा चालक होता, स्वच्छ इंग्रजी बोलणारा, तलवारबाजीत रमणारा. तीन हंगाम आणि ७९ भागांनंतर मालिका बंद पडली. पुढे चित्रपटांत सुलू कप्तान झाला.

छावण्यांविषयी टाकेई मोकळेपणाने बोलत. १९८१ मध्ये त्यांनी सरकारी आयोगापुढे साक्ष दिली. १९८८ च्या कायद्याने सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २०,००० डॉलर दिले. स्वतःच्या समलैंगिकतेविषयी मात्र ते गप्प होते. ती उघड झाली तर कामं मिळणं बंद होईल, ही भीती त्या काळात निराधार नव्हती. लहानपणी एक काटेरी तार सरकारने बांधली होती. ही दुसरी, अदृश्य तार त्यांना स्वतःभोवती बांधून घ्यावी लागली.

२००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने समलिंगी विवाहाचं विधेयक मंजूर केलं आणि गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी ते नाकारलं. टाकेई संतापले. त्याच वर्षी, ६८ व्या वर्षी, ते आपल्या समलैंगिकतेविषयी जाहीरपणे बोलले. २०११ मध्ये टेनेसी राज्यात शाळांमध्ये समलैंगिकतेविषयी शिकवण्याला मज्जाव करू पाहणारं विधेयक आलं. टाकेई यांनी ‘गे’ (समलैंगिक) या शब्दाच्या जागी आपलं आडनाव वापरायला देऊ केलं; इंग्रजीत ते ‘ओके’शी यमक जुळवतं. हसत हसत दिलेलं हे उत्तर देशभर पोहोचलं.

दोन लढ्यांतला उशीर महत्त्वाचा आहे. इतका धीट माणूसही दशकानुदशकं गप्प राहिला, यावरून त्या भीतीचं वजन कळतं. उशिरा बोलणाऱ्याला म्हणूनच दोष देऊ नये.

कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाल्यावर, १४ सप्टेंबर २००८ रोजी टाकेई यांनी १९८७ पासूनचे जोडीदार ब्रॅड यांच्याशी लॉस एंजेलिसच्या जपानी-अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालयात लग्न केलं. ‘स्टार ट्रेक’मधले सहकारी वॉल्टर केनिग आणि निशेल निकोल्स पाठराखे म्हणून उभे राहिले. या संग्रहालयाची जुनी वास्तू म्हणजे पूर्वीचं बौद्ध मंदिर. १९४२ मध्ये छावण्यांकडे जाणाऱ्या कुटुंबांना तिथेच जमवलं गेलं होतं.