दोन चकत्यांमधलं पाणी

विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपात मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असतात. एका बाजूला तीन फेजची वीज, दुसऱ्या बाजूला दाबाखालचं पाणी आणि दोघांच्या मधे मुठीत मावणारं मेकॅनिकल सील. शाफ्ट मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेतो. कार्बनची चकती त्याच्याबरोबर फिरते, सिरॅमिकची बॉडीत स्थिर राहते आणि स्प्रिंग दोघींना एकमेकींवर दाबून धरते. त्यांच्यामधे पाण्याचा मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ थर असतो. त्यानंच त्या थंड राहतात.

१९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून नांगरांपाठोपाठ पंप निघू लागले, त्या पिढीच्या पंपांत शाफ्टभोवती ग्लँडची दोरी असे. दोरीतून थेंब थेंब पाणी पडायलाच हवं, नाहीतर शाफ्ट घासून जातो. सीलच्या पंपाचं उलट आहे. तिथे गळती टिकून राहिली की सील गेलं म्हणायचं. जुन्या सवयीनं ती गळती हंगामभर चालवून घेतात, हे मला फार खटकतं. पाणी शाफ्टवरून बेअरिंगपर्यंत जातं, ग्रीस धुऊन काढतं आणि शेवटी वाइंडिंग जळतं. रिवाइंडिंगच्या खर्चात कितीतरी सील आली असती.

सील बदलायला पाना हातात घेण्याआधी वीज तोडायची. शेतीची लाइन पाळीनं येते, आणि पुष्कळ ठिकाणी स्टार्टरला ऑटो स्विच जोडलेला असतो. फेज आले की मोटर आपोआप सुरू होते. पंप उघडलेला, बोटं पंपाच्या पंख्यात (इंपेलरमध्ये) आणि लाइन आली, तर सावरायला क्षणही मिळत नाही. म्हणून ऑटो बंद, मेन स्विच खाली, तिन्ही फ्यूज काढून आपल्याच खिशात. तिन्ही तारांवर टेस्टर लावून बघायचं, आणि तो टेस्टर आधी चालू लाइनवर तपासलेला हवा. सिंगल फेज मोटरच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही चार्ज उरतो, त्याला उघड्या हातानं शिवायचं नाही. डिलिव्हरीच्या पाइपात उभं असलेलं पाणीही बोल्ट ढिले करण्याआधी सोडून द्यायचं. दहा मीटर उंचीचं पाणी सुमारे एक बारचा दाब देतं.

पंखा पुलरनं, सरळ ओढून काढावा. हातोडीनं शाफ्ट वाकतो, आणि वाकडा शाफ्ट नवं सील टिकू देत नाही. बेअरिंगचंही तसंच: शाफ्ट हलवून खेळ जाणवला, तर आधी बेअरिंग बदला. जुनं सील निघालं की शाफ्टवर रबर बसतं ती जागा बारीक पॉलिश पेपरनं साफ करायची. नव्या सीलच्या रबराला साबणाचं पाणी लावावं. हाताशी आहे म्हणून ग्रीस लावू नये, काही जातींचं रबर तेलानं फुगतं. सिरॅमिकची चकचकीत बाजू पंख्याकडे ठेवून, स्वच्छ फडक्यातून अंगठ्यांनी ती सारखी दाबत बसवायची. घासणाऱ्या दोन्ही तोंडांना बोट लागू द्यायचं नाही. वाळूचा एक कण तिथे रेघ पाडतो.

गॅस्केट नवं घालून बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे आणि शाफ्ट हातानं फिरवून बघायचा. मग पंपात पाणी भरायचं, सगळे बाजूला झाल्याची खात्री करायची आणि तेव्हाच फ्यूज लावायचे. क्षणभर चालवून बॉडीवरच्या बाणाशी फिरण्याची दिशा ताडून घ्यावी. उलटी असेल तर पुन्हा वीज तोडून कुठल्याही दोन फेजच्या तारा अदलाबदल करायच्या. सुरुवातीला किंचित ओल दिसली तरी चकत्या एकमेकींवर बसल्या की ती थांबते.

उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला की पंप हवा ओढतो आणि कोरड्या चकत्या काही मिनिटांत तापून तडकतात. त्या दिवसांत ऑटो बंदच ठेवावा आणि मोटर चालू असताना कुणीतरी विहिरीजवळ असावं.