नोटेवरचा गुन्हेगार : फ्रान्सिस ग्रीनवे आणि शिक्षेचा प्रश्न

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण शिक्षेचे तीन हेतू पाहिले : परतफेड, धाक आणि सुधारणा. आज हे तिन्ही हेतू एकाच माणसाच्या आयुष्यावर लावून पाहू. काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंदमान उभे राहते. पण अंदमानची वसाहत 1858 सालची. त्याच्या पुष्कळ आधीपासून इंग्रज सरकार आपल्याच माणसांना समुद्रापार पाठवत होते. आधी अमेरिकेत पाठवी. तो देश स्वतंत्र झाल्यावर ऑस्ट्रेलियात. 1788 ते 1868 या ऐंशी वर्षांत सुमारे एक लाख बासष्ट हजार कैदी तिकडे गेले. त्यांतलाच एक फ्रान्सिस ग्रीनवे.

ग्रीनवे ब्रिस्टलजवळचा, जन्म 1777 चा. घराणे गवंड्यांचे, हा शिकून वास्तुरचनाकार झाला. भावांबरोबर धंदा केला, पण 1809 मध्ये दिवाळे निघाले. पुढे बांधकामाच्या एका करारासंबंधी त्याने बनावट दस्तऐवज केल्याचा खटला झाला. 1812 साली त्याने गुन्हा कबूल केला आणि न्यायालयाने शिक्षा दिली, फाशी!

आता तुम्ही म्हणाल, खोट्या कागदासाठी फाशी? हो. त्या काळच्या इंग्लंडात दोनशेहून अधिक गुन्ह्यांना मृत्युदंड होता. व्यापार सगळा कागदावरच्या विश्वासावर चाललेला, त्यामुळे बनावटगिरीला क्षमा फारशी नसे. कायदा इतका कठोर की तो नेहमी शब्दशः पाळणे अशक्य, म्हणून फाशी कमी करून हद्दपारी द्यायची. ग्रीनवेला चौदा वर्षांची हद्दपारी मिळाली.

‘जनरल हेविट’ नावाच्या जहाजातून तो फेब्रुवारी 1814 मध्ये सिडनीला पोचला. त्या सफरीत तीसहून अधिक कैदी वाटेतच दगावले. याची चौकशी केली विल्यम रेडफर्न या डॉक्टरने. आणि गंमत बघा, हा रेडफर्नसुद्धा आरमारातल्या बंडापायी शिक्षा होऊन आलेला माजी कैदीच! त्याच्या अहवालानंतर कैद्यांच्या जहाजांवरची व्यवस्था बरीच सुधारली.

सिडनीत उतरल्यावर कैद्याला थेट कोठडीत टाकत, अशी आपली समजूत असते. तसे नव्हते. बहुतेकांना सरकारी कामावर किंवा खासगी जमीनदाराकडे लावून देत. वसाहतच तुरुंग होती आणि समुद्र तिची भिंत. ग्रीनवेची बायको मेरी मुलांना घेऊन त्याच वर्षी मागोमाग आली.

तेव्हाचा गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी. त्याचे मत असे की शिक्षा भोगून चांगला वागलेला माणूस समाजात आपल्या मूळच्या जागी परत आला पाहिजे. 1816 मध्ये त्याने ग्रीनवेला सरकारी वास्तुरचनाकार नेमले, रोज तीन शिलिंग पगारावर. ग्रीनवेने बंदराच्या मुखाशी दीपगृह बांधले, विंडसरचे सेंट मॅथ्यू आणि सिडनीचे सेंट जेम्स ही चर्चे उभारली. दीपगृहाच्या वेळी, 1817 च्या डिसेंबरात, त्याला सशर्त माफी मिळाली. म्हणजे वसाहतीत मोकळा, पण मायदेशी जायचे नाही.

मग हाइड पार्क बराकी. तोवर पुष्कळ कैदी गावात स्वतःच बिऱ्हाड शोधून राहत. ते बंद करून सुमारे सहाशे जणांना एका छताखाली आणणारी ही इमारत. 1819 मध्ये ती उघडली आणि ग्रीनवेला पूर्ण माफी मिळाली. इतरांचे मोकळेपण आवळणारी वास्तू एका कैद्याने बांधली आणि तिनेच त्याला मोकळे केले.

पण त्याच वर्षी लंडनहून जॉन बिग नावाचा चौकशी अधिकारी आला. कैद्यांना माफ्या, जमिनी, पदे मिळू लागली तर हद्दपारीची भीती कुणाला वाटणार, असा त्याचा रोख. सुंदर इमारती म्हणजे उधळपट्टी. मॅक्वारी परत गेला आणि 1822 मध्ये ग्रीनवेची नोकरी गेली. स्वभावाने तो गर्विष्ठ आणि भांडखोर होता, हेही खरे. 1837 साली तो दारिद्र्यात वारला. त्याच्या थडग्यावर खूणसुद्धा नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. बिग धाकाच्या बाजूचा, मॅक्वारी सुधारणेच्या. आम्हाला साहजिकच मॅक्वारी जवळचा वाटतो. पण जरा थांबून विचार करू. ग्रीनवेला दुसरी संधी मिळाली ती तो माणूस होता म्हणून, की उपयोगी होता म्हणून? बराकीच्या विटा भाजणाऱ्या, दगड वाहणाऱ्या कैद्याजवळ त्याचे कसब नव्हते. त्याला कोण माफी देणार? कांट सांगतो, माणसाला केवळ साधन समजू नका. कसबी माणसालाच क्षमा करणारी व्यवस्था दयाळू दिसते, पण ती त्याला साधनच समजत असते.

आणखी एक गोष्ट. ही दुसरी संधी ज्या जमिनीवर उभी राहिली ती सिडनीभोवतीच्या गॅडिगल लोकांची. इंग्लंडने आपले गुन्हेगार सुधारायला पाठवले आणि ज्यांनी काहीच गुन्हा केला नव्हता त्यांची भूमी गेली. सुधारणेचा हिशेब मांडताना ही बाजू वहीबाहेर ठेवता येत नाही.

1966 मध्ये ऑस्ट्रेलियाने डॉलर हे नवे चलन आणले, तेव्हा दहा डॉलरच्या नोटेवर चित्र छापले ते ग्रीनवेचे. बनावट कागदासाठी फाशी सुनावलेला माणूस देशाच्या चलनावर! याला लोक नियतीचा विनोद म्हणतात. आम्हाला त्यात एक युक्तिवाद दिसतो. 1812 च्या न्यायालयाने एका कृत्यावरून सगळा माणूस ठरवला होता. शिक्षा कृत्याला द्यायची असते. ती अशी असावी की त्यानंतरही त्या माणसाला दुसरे काही करून दाखवायला जागा उरेल. आणि ही जागा दगड वाहणाऱ्यालाही मिळाली पाहिजे, नकाशा काढणाऱ्यालाच नव्हे.

पुढच्या वेळी आपण बेंथॅमकडे वळू. त्याने 1802 मध्येच या वसाहतीविरुद्ध लिहून आपल्या नियोजित तुरुंगाची बाजू मांडली होती. तोवर या प्रश्नावर विचार करून या.