शेड बांधताय? मुरमाचा परवाना काढाच, पण मातीचाही बंदोबस्त करा



अक्षय तृतीया झाली की आपल्या भागात जेसीबीला उसंत नसते. कुणाची कांदा चाळ, कुणाचा गोठा, कुणाचं पॅकहाउस, कुणाचं घर. सगळ्यांना मृगाच्या आत पाया उरकायचा असतो. गेल्या महिन्यात ऑफिसला आलेल्या सभासदांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला : "खोदायला परवाना लागतो का, आणि कोणाचा?"

त्याचं उत्तर खाली देतोय. पण आधी आपल्याच कंपनीची एक चूक सांगतो, कारण त्यातूनच हा लेख निघाला.

*आमचं काय चुकलं*

ग्रेडिंग शेडचं काम आपण मे महिन्यात काढलं. कागद सगळे चोख होते. बांधकामाची परवानगी होती. बाहेरून आणलेल्या मुरमाचे वाहतूक पास फाइलला लावले होते. तपासायला कोणी आलं असतं तर बोट ठेवायला जागा नव्हती.

पायाच्या वरची काळी माती मात्र जेसीबीवाल्याने खालच्या अंगाला, बांधाला लागून टाकली. त्याला तेच जवळ पडलं. आम्हीही म्हटलं, राहू दे, नंतर बघू. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन तास जोराचा पाऊस झाला आणि तो ढीग खालच्या सभासदाच्या टोमॅटोत जाऊन बसला. मल्चिंग पेपर चिखलाखाली, ठिबकच्या नळ्या गाळाने बंद, दोन ओळी आडव्या. मजूर लावून साफसफाई करून दिली, भरपाईही दिली. पण त्या भाऊंचा तोडा गेला तो गेलाच, आणि आपली काळी माती ओढ्याला गेली तीही परत आली नाही.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माती ट्रॉलीत बसून गेली तर सरकार विचारतं. तीच माती पाण्याबरोबर गेली तर छोट्या बांधकामाला कोणी विचारत नाही. म्हणून कागदाचं काम एक आणि मातीचं काम दुसरं. दोन्ही आपल्यालाच करायची आहेत.

*आधी कागद*

१) *स्वतःच्या शेतातली चाळ, गोठा, अवजारांची खोली.* महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४१ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतजमिनीवर शेतीच्या कामासाठी 'शेत इमारत' बांधता येते, विहीर-तळं करता येतं. त्यासाठी एनए लागत नाही. मोठ्या शहरांच्या हद्दीत आणि त्यांच्या भोवतालच्या पट्ट्यात मात्र आधी परवानगी घ्यावी लागते. आपलं गाव एखाद्या विकास प्राधिकरणात येत असेल तर तिथे आधी चौकशी करा.

२) *गटाचं संकलन केंद्र, प्रक्रिया युनिट, भाड्याने द्यायचं गोडाऊन.* याला 'शेत इमारत' म्हणून चालत नाही. जमिनीचा वापर बदलतो, त्यामुळे महसूलचे आणि बांधकामाचे कागद वेगळे होतात. जागा ठरली की सातबारा आणि गटाचा नकाशा घेऊन ऑफिसला या, आपण आधी बसून बघू.

३) *खोदलेली माती-मुरूम त्याच जागेत वापरायची.* पाया खोदून निघालेली माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणाला वापरली तर तिच्यावर स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, लागत नाही. हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. पुण्याच्या बिल्डर संघटनेच्या प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये कोर्टाने वसुलीच्या नोटिसा रद्द केल्या. पुढे राज्याच्या गौण खनिज नियमांतही तशी तरतूद आली. तरी खोदण्याआधी आणि नंतर तारखेसह फोटो काढून ठेवा. कोणी विचारलं तर माती जागेवरच आहे हे दाखवता येतं.

४) *मुरूम बाहेर न्यायचा किंवा बाहेरून आणायचा.* इथे परवाना लागतोच. माती, मुरूम, दगड, वाळू हे गौण खनिज. अर्ज तहसीलदारांकडे, 'महाखनिज' पोर्टलवरून. मंजुरी मिळाल्यावर स्वामित्वधन आणि त्यावरची जिल्हा खनिज प्रतिष्ठानची रक्कम भरायची, मग वाहतूक पास मिळतात. जमीन सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांची संमती आधीच घेऊन ठेवा. बहुतेक अर्ज तिथेच अडतात.

हिशोब ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. किती ब्रास उचलणार हे मोजूनच अर्ज करा. जास्त उचललं तर तेवढं विनापरवाना धरलं जातं.

५) *रात्रीचा स्वस्त मुरूम घेऊ नका.* संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे विनापरवाना गौण खनिजाला बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड आहे. कलम ४८(८) खाली ट्रॅक्टर, जेसीबी जप्त होतो आणि तो सोडवायचा खर्च वेगळा. मुरूमवाल्याकडून पास मागा, मगच ट्रॉली रिकामी करू द्या.

*आता माती*

मोठ्या बांधकामांना मातीबद्दल विचारलं जातं. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीच्या अटींमध्ये वरची सुपीक माती वेगळी साठवणे, ती त्याच जागेवर पुन्हा वापरणे, अशा अटी असतात. आपली शेड त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे आपल्याला असं कोणी लिहून देत नाही.

अमेरिकेत हीच मर्यादा एक एकर आहे. तिथे एक एकर जमीन जरी बांधकामासाठी उघडी केली, तरी पावसाच्या पाण्याबरोबर माती बाहेर जाऊ नये याचा परवाना काढावा लागतो. मशीन लावण्याआधी लेखी आराखडा करावा लागतो : पाणी कुठून येणार, कुठे जाणार, ढीग कुठे, गाळ कुठे अडणार. काम सुरू झाल्यावर ठरावीक दिवसांनी जागा तपासून नोंद ठेवायची. एवढी कडक शिस्त का? तिथल्या पर्यावरण खात्याच्या म्हणण्याप्रमाणे बांधकामाच्या जागेवरून शेतजमिनीच्या १० ते २० पट गाळ वाहतो. आपल्याला ते वेगळं सांगायला नको. नांगरलेल्या रानात पाऊस मुरतो तरी. जेसीबीने दाबलेल्या जमिनीत तोही मुरत नाही.

परवाना नाही म्हणून काम नाही, असं नको. वहीच्या एका पानावर आपणच आराखडा करू. असा :

*पहिलं काम : वरची माती आधी काढा, वेगळी ठेवा.* १० गुंठ्यांवरची अर्धा फूट माती म्हणजे सुमारे ५४ ब्रास. ट्रॉलीला एक ब्रास धरला तर पन्नासच्या वर ट्रॉल्या. पिढ्यान् पिढ्या शेणखत घालून झालेली ही माती आहे, ती पायाखाली गाडू नका आणि मुरमात मिसळू देऊ नका. काळी माती फुगते-आकसते, त्यामुळे पायातून ती काढावीच लागते. पण ती टाकाऊ नाही. शेतातल्या पांढऱ्या पट्ट्यावर, उथळ जागेवर ती परत पसरा.

*दुसरं : ढीग वरच्या अंगाला.* ओढ्यापासून, बांधापासून, पाणी जायच्या वाटेपासून लांब. पुरुषभर उंचीच्या वर नको. जुनी ताडपत्री किंवा वापरलेला मल्चिंग पेपर टाकून कडेने दगड ठेवा. ढीग पावसाळाभर राहणार असेल तर पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा फेका, मुळं माती धरतात.

*तिसरं : वरचं पाणी वरच्या वर वळवा.* शेडच्या वरच्या बाजूने आडवा चर काढा. उतारावरून येणारं पाणी उघड्या जागेत शिरूच नये. चराचं तोंड जिथे सोडाल तिथे दगड पसरा किंवा गवत असलेली जागा निवडा, नाहीतर तिथेच घळ पडेल. हे पाणी शेजाऱ्याच्या रानात सोडू नका.

*चौथं : खालच्या अंगाला गाळ अडवा.* समपातळीत खुंट्या रोवून गोणपाट किंवा दाट शेडनेट बांधा, आणि त्याची खालची कड वीतभर चरात पुरा. पुरली नाही तर पाणी खालून निघून जातं आणि कापड नुसतं शोभेला राहतं. कोपऱ्यात गाळखड्डा घ्या. अमेरिकेतला अंदाज एकराला ३,६०० घनफुटांचा आहे. आपल्या १० गुंठ्यांना ९०० घनफूट पुरतील, म्हणजे २० फूट लांब, १५ फूट रुंद, ३ फूट खोल. खड्ड्याला दगडी सांडवा द्या आणि भोवती काटेरी कुंपण घाला. लेकरं आणि जनावरं फिरतात.

*पाचवं : छताचं पाणी विसरू नका.* ४० बाय ६० फुटांच्या पत्र्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ११ हजार लिटरच्या वर पाणी एका कडेने खाली येतं. ते पायाशीच पडलं तर पहिल्या वर्षी पन्हळ, दुसऱ्या वर्षी ओघळ. पत्र्याला पन्हाळी बसवा आणि पाइपने शेततळ्यात किंवा शोषखड्ड्यात न्या.

*सहावं : काम संपलं की जमीन उघडी ठेवू नका.* भरावाच्या उतारावर वाळा किंवा मारवेल लावा. पावसाळ्याच्या तोंडावर ठोंब लावले तर पाणी घालायचीही गरज पडत नाही.

हे सगळं ठरवायला एक संध्याकाळ पुरते. जेसीबी तिथेच असतो, चर आणि खड्डा त्याच्याच फेरीत होऊन जातात. फक्त माती कुठे टाकायची हे मशीन सुरू व्हायच्या *आधी* चालकाला जागेवर उभं राहून दाखवा, फक्की मारून खूण करा. आम्ही तेवढं केलं नाही, म्हणून पुढचं सगळं निस्तरावं लागलं.

आणि पहिल्या तीन मोठ्या पावसांनंतर छत्री घेऊन एक चक्कर मारा. कुठे कापड फाटलं, कुठे चर फुटला, खड्डा किती भरला, बघा. अर्धा भरला की उपसा आणि तो गाळ शेतात टाका.

*तुमचं रान खाली असेल तर*

वर कोणी प्लॉटिंग करतंय आणि भराव टाकून नाला बुजवला, पाणी तुमच्या पिकात वळलं, तर आधी जाऊन बोला. ऐकलं नाही तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. शेतजमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला असेल तर अडथळा काढायचा आदेश ते देऊ शकतात. मुदत लक्षात ठेवा : *अडथळा झाल्यापासून सहा महिने.* "पुढच्या पावसाळ्यात बघू" म्हणाल तर मुदत गेलेली असते. फोटो, तारीख, पंचनामा हे लगेच करा.

प्रकल्प मोठा, पर्यावरण मंजुरीचा असेल, तर त्याच्या अटी केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर बघता येतात. अटी पाळल्याचा अहवाल त्यांना दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो अहवाल कोणालाही मागता येतो. मातीची अट मोडली असेल तर तक्रारीत त्या अटीचा क्रमांक घाला.

*या आठवड्यात एवढं करा*

ज्यांचं खोदकाम मेअखेरपर्यंत आहे त्यांनी सातबारा, गट नकाशा आणि जागेचे चार बाजूंचे फोटो घेऊन ऑफिसला या. किती ब्रास निघणार, किती बाहेर जाणार, ढीग कुठे आणि गाळखड्डा कुठे, हे आपण एका कागदावर काढून देऊ. ज्यांच्या खालच्या अंगाला दुसऱ्या सभासदाचं रान आहे त्यांनी त्या सभासदालाही सोबत आणा. त्याचं पाणी कुठून वाहतं हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

ज्या भाऊंचा टोमॅटो आमच्यामुळे गेला, त्यांनीच यंदा कंपनीच्या नव्या वजनकाट्याच्या जागेवर येऊन चराची रेघ आखून दिली. खोदकाम त्या रेघेनंतरच सुरू झालं.

हा मेसेज जेसीबीवाल्या मित्रालाही पाठवा.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी