काजळावर आळ, शिसे तळघरात

दीड वर्षापूर्वी एका पहाटे अमेरिकेहून फोन आला. पुतण्याची बायको बोलत होती. "काका, बाळाच्या रक्तात शिसं सापडलंय," एवढे सांगून तिचा आवाज दाटला.

पुतण्या नोकरीनिमित्त पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो. मुलगा तेव्हा सव्वा वर्षाचा होता. हसरा, खेळकर, वजन-उंची वयाला साजेशी. तक्रार कसलीच नव्हती. नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला आणि आकडा जास्त आला. बोटाच्या त्वचेवर शिशाची धूळ असली, तर अशी तपासणी फसू शकते. म्हणून शिरेतून पुन्हा रक्त घेतले. तरीही आकडा आला ११. म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात ११ मायक्रोग्रॅम शिसे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ऐकायला तो किरकोळ वाटतो. परंतु अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ साली लहान मुलांसाठी ३.५ हा इशाऱ्याचा आकडा ठरवला आहे, आणि तोही सुरक्षिततेची हमी देत नाही. शिशाचे निर्धोक म्हणावे असे प्रमाण अद्याप सापडलेले नाही.

भारतीय कुटुंब म्हटल्यावर तेथील आरोग्य खात्याने नेहमीचे प्रश्न विचारले. डोळ्यांत काजळ किंवा सुरमा घालता का? हळद भारतातून येते का? काही भस्मे वा गुटी देता का? हे प्रश्न अन्यायाचे नव्हेत. काही सुरम्यांत शिसे असते आणि हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचे क्रोमेट मिसळल्याची उदाहरणे आहेत. झाले! आमच्या वहिनींनी नातवासाठी पाठवलेली काजळाची डबी आणि हळदीची पुडी तपासायला गेली. इकडे वहिनींनी दोन दिवस अन्न गोड मानले नाही. "माझ्या हातून नातवाला विष गेलं का हो, भाऊजी?" हा त्यांचा प्रश्न मी आजही विसरलेलो नाही.

दोन्ही वस्तू निर्दोष निघाल्या. घर नवे असल्याने जुन्या रंगाचाही प्रश्न नव्हता. शिसे सापडले ते तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रापुढील फरशी पुसलेल्या कागदात. त्या यंत्रापासून चार हातांवर पुतण्याचे नवे टेबल होते.

पुंगळीपासून काडतूस

पुतण्या तिकडे निशाणेबाजीच्या क्लबात जाऊ लागला होता. विकतची काडतुसे महाग पडतात, म्हणून तेथील अनेक हौशी नेमबाज वापरलेल्या पितळी पुंगळ्या जमवून घरीच पुन्हा भरतात. स्वतःच्या वापरापुरते असे करायला तेथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. कोणी पैसे वाचवायला करतो, कोणी नेम अचूक लागावा म्हणून, तर कोणाला त्या बारीक कामाचाच नाद असतो.

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. दिवाळीत मुले पिस्तुलात टिकल्या फोडतात. बंदुकीचा घोडा ओढल्यावर टोपी त्याच तत्त्वावर पेटते आणि दारूला ठिणगी देते. टोपीतील स्फोटक मिश्रणात बहुधा शिशाचे एक संयुग असते. गोळीतही शिसेच असते. त्यामुळे बार झाला, की पुंगळीच्या आतून-बाहेरून काजळीसारखा थर बसतो आणि त्यात शिसे असते.

तीन-चार महिन्यांनी मी तिकडे गेलो, तेव्हा ते टेबल मुद्दाम पाहिले. दारूची काळजी पुतण्याने उत्तम घेतली होती. डबे मूळचे, कुलूपबंद कपाटात, भट्टीपासून दूर. टेबलावर एका वेळी एकच डबा. काम करताना डोळ्यांना चष्मा. टेबलाजवळ विडी-सिगारेट नाही, टीव्ही नाही. प्रत्येक माप तो पुस्तकात पाहून दोनदा तपासत असे. "काका, स्फोट होऊ नये म्हणून मी एवढा जपलो," तो म्हणाला. खरेच जपला होता. पण दारूच्या धोक्याला आवाज असतो. शिशाला आवाज नाही, वास नाही, चव सांगावी तर तीही नाही.

धुळीची वाट

टेबलाखाली जाजम होते. कोपऱ्यात पुंगळ्या घासण्याचे थरथरणारे भांडे होते. त्यात अक्रोडाच्या कवचांचा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भरडा घालतात. भांडे तासन् तास हलत राहते, पुंगळ्या सोन्यासारख्या लखलखतात आणि त्यांच्यावरची शिशाची काजळी भरड्यात उतरते. नंतर झाकण काढून भरडा चाळला, की बारीक धूळ उठते. पुतण्या हे काम तळघरातच करी, तेही उघड्या हातांनी. जुन्या टोप्या बुडातून काढताना पडणारी भुकटी वेगळीच. ती जाजमात मुरे आणि संध्याकाळी साध्या व्हॅक्यूम यंत्राने साफ करताना पुन्हा हवेत उडे.

त्याच हातांनी तो कॉफी पिई. त्याच शर्टाने वर येऊन मुलाला कडेवर घेई. धुतलेले कपडे ठेवण्याची टोपली टेबलाशेजारीच होती आणि आई कपड्यांच्या घड्या घालत असताना मूल तिथेच फरशीवर रांगे. या वयाचे मूल जे दिसेल ते तोंडात घालते.

शिसे मुख्यतः दोन वाटांनी शरीरात शिरते. श्वासातून आणि तोंडातून. अखंड त्वचेतून असले धातुरूप शिसे फारसे आत जात नाही, पण हाताला चिकटलेले हमखास तोंडापर्यंत पोचते. प्रौढाच्या पोटात गेलेल्या शिशाचा लहानसा भागच रक्तात उतरतो. मुलांत हे शोषण चार ते पाच पट अधिक असते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर ते आणखी वाढते. रक्तातील शिसे काही आठवड्यांत कमी होऊ लागते, परंतु पुष्कळसे हाडांत जाऊन बसते आणि तेथे वर्षानुवर्षे राहते. गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम निघते तेव्हा त्याच्यासोबत हे जुने शिसेही बाहेर पडून गर्भापर्यंत जाते.

मोठ्या माणसांत थकवा, डोकेदुखी, बद्धकोष्ठ, पोटात कळा, सांधेदुखी, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब अशी लक्षणे दिसतात. ती इतर शंभर आजारांतही दिसतात, म्हणून शिशाची शंका कोणाला येत नाही. मुलांत तर बहुधा काहीच दिसत नाही. नुकसान मेंदूच्या वाढीचे होते. बुद्धी, एकाग्रता, वागणूक यांवर परिणाम होतो आणि तो शाळेत गेल्यावर जाणवतो. पुतण्याने माझ्या आग्रहाने स्वतःचे रक्त तपासले. त्याचा आकडा होता २४. "हल्ली कामाचा फार शीण येतो," असे तो सहा महिने सांगत होता.

जुळाऱ्यांचा जुना धडा

हे ज्ञान नवे नाही. अमेरिकेचे थोर पुरुष बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी लंडनच्या छापखान्यात काम करीत. धुतलेले ओले खिळे ते विस्तवापुढे वाळवत. थंडीत हातांना ऊबही मिळे. एका वृद्ध कामगाराने त्यांना बजावले की, असे करू नकोस, हात निकामी होतील. खिळे ओतणाऱ्या एका कारागिराने आणखी एक कारण सांगितले. काही गबाळे कामगार हात न धुता जेवायला बसतात आणि भाकरीबरोबर धातूचे कण खातात. फ्रँकलिन यांनी १७८६ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात हे सारे नमूद केले आहे.

आपल्याकडील छापखान्यांतही शिशाचेच खिळे होते. जुळारी मंडळी दिवसभर ते हाताळत. संगणक आले आणि खिळे गेले. पण हात धुऊन मगच घास घ्यायचा, हा धडा मात्र गेला नाही.

टेबल पुन्हा मांडले

पुतण्याने छंद सोडावा, असे मी म्हटले नाही. तो निर्णय त्यांचा होता. दोघांनी ठरवले, की टेबल राहील, पण घराच्या वावरात नाही. ते अंगणापलीकडच्या वेगळ्या खोलीत गेले. तेथे असे नियम लावले:

१) फरशी आणि टेबल गुळगुळीत, ओल्या फडक्याने पुसता येईल असे. जाजम टाकून दिले.

२) टेबलाजवळ खाणे, पिणे, तंबाखू, सिगारेट काहीही नाही. पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर.

३) पुंगळ्यांचे कोरडे घासणे बंद. आता बंद डब्यात पाणी आणि साबण घालून त्या धुतात. धूळ उठत नाही. मात्र ते पाणीही शिसेयुक्त असते, म्हणून ते स्वयंपाकघराच्या मोरीत किंवा भाजीच्या वाफ्यात ओतायचे नाही.

४) झाडू आणि साधे व्हॅक्यूम यंत्र वर्ज्य. ओले पुसणे, किंवा अतिसूक्ष्म कण अडवणारी हेपा गाळणी असलेले यंत्र.

५) कामाचा सदरा आणि चपला तेथेच. ते कपडे वेगळे धुवायचे. मुलाच्या कपड्यांत कधीही नाही.

६) हातात पातळ मोजे. काम संपताच हात, मनगटे, नखे आणि तोंड साबणाने चोळून धुवायचे. हाताला लावायचे सॅनिटायझर जंतू मारते, शिसे काढत नाही.

७) शक्यतो शिसेविरहित टोप्या आणि पूर्ण तांब्याचे आवरण असलेल्या गोळ्या. बंदिस्त नेमबाजीच्या जागेतून आल्यावरही कपडे बदलूनच मुलाला घ्यायचे.

८) मोठ्यांची रक्ततपासणी ठरावीक मुदतीने.

मुलाला औषध काय दिले, असे अनेक जण विचारतात. शिसे बाहेर काढणारी औषधे आहेत, पण ती साधारणतः आकडा ४५ च्या पुढे गेला, तर आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच देतात. येथे उपचार एकच होता, शिशाची वाट बंद करणे. जोडीला लोहाची कमतरता भरून काढली आणि दूध, भाज्या, फळे असा चौरस आहार ठेवला.

आपल्या घरी काय?

आपल्या देशात विनापरवाना काडतुसे बनवणे हा शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे. तेव्हा असे टेबल आपल्या शेजारी दिसणार नाही. पण वाचकहो, शिशाची टेबले आपल्याकडे वेगळ्या रूपात आहेत. अंगणात जुन्या बॅटऱ्या फोडून पत्रे काढणारे, कोळीवाड्यात जाळ्याच्या वजनांसाठी चुलीवर शिसे वितळवणारे, घरातल्या खोलीत रेडिओ-टीव्हीचे डाग देणारे कारागीर आपल्या ओळखीचे आहेत. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. तेवढी उष्णता घरची शेगडीही देते. ज्या कढईत शिसे वितळले, त्या कढईत पुन्हा काही शिजवू नये. आणि ती शेगडी स्वयंपाकघरात नसावीच.

नेमबाजीचा मानही आता आपल्याकडे वाढला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. एअर रायफल शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना मात्र एक विनंती. ते बारीक छर्रे बहुधा शिशाचे असतात. ते तोंडात धरू नयेत, खिशात सुटे ठेवू नयेत, आणि सराव संपल्यावर हात धुतल्याखेरीज वडापावला हात लावू नये. एवढ्याने खेळाचे काही बिघडत नाही.

युनिसेफच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ किंवा त्याहून अधिक आहे, आणि त्यांतील मोठा वाटा भारतातील मुलांचा आहे. घरात शिशाचे काम असेल, तर मुलाला लक्षणे दिसण्याची वाट पाहू नका. आपल्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. रक्तातील शिशाची तपासणी मोठ्या प्रयोगशाळा करतात.

आमच्या बाळाचा आकडा तीन महिन्यांनी ८ वर आला, पुढे ५ वर, आणि गेल्या महिन्यात ३ च्या खाली. त्या काळात त्याचे नेमके किती नुकसान झाले, हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. तो बोलतो छान, धावतो छान. एवढ्यावर आम्ही समाधान मानतो.

पुतण्याने आईची फोनवर क्षमा मागितली. वहिनींनी लगेच विचारले, "मग भाऊजी, आता काजळाची नवी डबी पाठवू ना?" मी म्हटले, "वहिनी, ती डबी शुद्ध निघाली, पुढची निघेल याची खात्री कोणी द्यावी? बाळाच्या डोळ्यांना काजळ लागत नाही. दृष्ट लागू नये म्हणून आपण मोठ्यांनी हात धुतले तरी पुरे."