ढोलकीचे आवर्तन सॅम्पलरवर बसवताना

महाराष्ट्रातील ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्ट्या आणि लावणीचे रंगमंचीय कार्यक्रम यांत गेल्या काही दशकांत जी वाद्ये रुळली, त्यांत ऑक्टोपॅड या नावाने सर्रास ओळखल्या जाणाऱ्या, रबरी पॅडांच्या विद्युत तालवाद्याचे स्थान मोठे आहे. रोलँड या जपानी कंपनीने १९८५ साली ‘पॅड-८’ हे आठ पॅडांचे यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्याला स्वतःचा आवाज नव्हता. काठीचा आघात ओळखून तो मिडी या संकेतपद्धतीने दुसऱ्या ध्वनियंत्राला कळवणे एवढेच त्याचे काम होते. पुढे ‘एसपीडी-२०’ सारख्या यंत्रांत शेकडो ध्वनी आतच भरलेले आले, आणि २०११ च्या ‘एसपीडी-एसएक्स’ मध्ये वादकाला स्वतः मुद्रित केलेला नाद नऊपैकी कोणत्याही पॅडवर बसवता येऊ लागला. बाहेरचा नाद साठवून हवा तेव्हा वाजवणाऱ्या अशा यंत्राला सॅम्पलर म्हणतात, आणि पुन्हा पुन्हा वाजण्यासाठी कापून ठेवलेल्या तालाच्या तुकड्याला लूप. बेंजो पार्टीचे नाव ज्या वाद्यावरून पडले ते बुलबुलतरंगही १९१२ साली नागोया येथे घडलेल्या ताइशोगोतोचेच वंशज असल्याने, परक्या यंत्राला आपल्या ठेक्यात आणण्याची रीत या वादकांना नवी नव्हती.

लूप तयार करण्याचे काम वरवर पाहता कापाकापीचे वाटते, पण ते मुळात हिशेबाचे आहे. सॅम्पलर नादाची लहर सहसा सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून साठवतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत, एका ठोक्यात दोन मात्रा धरल्यास, आठ मात्रांच्या केरव्याचे आवर्तन दोन सेकंदांत म्हणजे ८८,२०० मोजमापांत संपते आणि सहा मात्रांच्या दादऱ्याचे ६६,१५० मध्ये. लूपचा शेवट या जागेपासून सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा जरी पुढे सरकला, तरी पहिल्या दोन-तीन आवर्तनांत कानाला काही खटकत नाही. मात्र ही चूक दर फेरीला साचत जाते, बाराव्या आवर्तनाअखेर ती जवळजवळ अर्ध्या मात्रेची होते आणि पंचविसाव्या आवर्तनाला, म्हणजे गाणे सुरू होऊन मिनिटही झाले नसताना, ठेका आणि गायिका यांच्यात पुरत्या एका मात्रेचे अंतर पडते. शिवाय लहर शून्य पातळी ओलांडते त्या बिंदूवर छेद घेतला नाही, तर प्रत्येक फेरीच्या सांध्यावर ‘टक’ असा आगंतुक आवाज येतो, आणि ठेक्याच्या सांध्यावर आलेला असा आवाज श्रोत्याला एखाद्या बोलासारखाच ऐकू येतो.

हिशेबापेक्षा अवघड प्रश्न आहे तो तुकड्याचा आरंभ कोठे मानावा हा. यंत्राच्या दृष्टीने तुकड्याचे पहिले मोजमाप हाच पहिला ठोका; परंतु ढोलकीवादक बहुधा समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच समेकडे नेणारे उठान घेऊन शिरतो, आणि मुद्रणाची सुरुवात त्या उठानापासून झालेली असते. ज्याला ताल ठाऊक नाही असा माणूस पहिला मोठा आघात दिसतो तेथे रेघ मारतो आणि संपूर्ण लूप एक-दोन मात्रांनी सरकून बसतो. तो गणिताने अचूक असला तरी त्यावर गाता येत नाही. म्हणून जाणता वादक उठान वेगळे कापून दुसऱ्या पॅडवर ठेवतो, ते एकदाच वाजेल अशी योजना करतो, आणि फिरणारा तुकडा समेपासून समेपर्यंतचाच राखतो.

लय बदलायची झाली की सॅम्पलरची खरी परीक्षा होते. साठवलेला नाद नुसता वेगाने वाजवला तर लयीबरोबर स्वरही चढतो: १२० ची लय १२६ केली, म्हणजे वेग केवळ पाच टक्क्यांनी वाढवला, तरी स्वर सुमारे पाऊण ते एक अर्धस्वर वर जातो. पाश्चात्त्य ड्रमच्या बाबतीत हे पुष्कळदा चालून जाते. ढोलकीच्या बाबतीत मुळीच चालत नाही, कारण तिची शाईची पुडी गाण्याच्या स्वराशी मिळवलेली असते आणि चढलेली ढोलकी पेटीशेजारी बेसूर लागते. यावर दोन उपाय आहेत. पहिल्यात यंत्र नादाचे बारीक कण करून, ते एकमेकांवर कमी-अधिक चढवून, स्वर न हलवता कालावधी बदलते. यात आघाताची धार बोथट होते आणि फरक मोठा असेल तर नाद थरथरतो. दुसऱ्यात प्रत्येक आघातापाशी तुकडा पाडून ते तुकडे नव्या लयीच्या जागांवर मांडतात; १९९४ साली आलेल्या ‘रीसायकल’ या संगणक-प्रणालीने ही रीत जगभर रूढ केली. पण धूम म्हणजे खालच्या नादाच्या पुडीवर हात दाबत नेऊन काढलेला घिस्सा एका बोलातून दुसऱ्या बोलात वाहत जातो. त्याच्या मधोमध छेद पडला की खालची पट्टी तुटते आणि ढोलकीतले सारे मार्दव नाहीसे होते. या कारणाने एकच तुकडा ताणत बसण्यापेक्षा तोच ठेका तीन-चार लयींत स्वतंत्रपणे वाजवून मुद्रित करणे हा मार्ग कष्टाचा असला तरी निःसंशय श्रेष्ठ आहे.

सॅम्पलर, कीबोर्ड आणि तालयंत्र यांना एकत्र चालवण्यासाठी १९८३ पासून प्रचारात असलेल्या मिडीचे घड्याळ वापरतात. एक यंत्र मुख्य ठरते आणि दर ठोक्याला २४ स्पंदने पाठवते. १२० च्या लयीत ती सेकंदाला ४८ होतात आणि उरलेली यंत्रे ती मोजत चालतात. या स्पंदनांतून वेग कळतो, सम कळत नाही. ती कळावी म्हणून ‘आरंभ’ हा वेगळा संकेत असतो, आणि तो चुकीच्या क्षणी गेला तर सर्व यंत्रे एकाच लयीत पण वेगवेगळ्या मात्रांवर चालू राहतात.

ठोके जुळले तरी ठेक्याची चाल जुळतेच असे नाही. केरव्यातील सम-विषम मात्रांचे अंतर लोकसंगीतात क्वचितच समान असते. दुसरी मात्रा जरा रेंगाळते आणि तिच्यातून झोका निर्माण होतो. रॉजर लिन यांनी १९८० च्या ‘एलएम-१’ या तालयंत्रातच झोक्याची सोय केली होती, आणि अकाईसाठी घडवलेल्या १९८८ च्या ‘एमपीसी-६०’ मध्ये मात्रांच्या जोडीतील पहिल्या मात्रेच्या वाट्याचे प्रमाण ५० टक्के म्हणजे सरळ चालीपासून ७५ टक्क्यांपर्यंत नेता येत असे. सुमारे ६६ टक्क्यांवर ते तिहेरी विभागणीला पोहोचते. ढोलकीचा लूप आणि सरळ चालीचे तालयंत्र एकत्र लावल्यास रेंगाळलेली मात्रा दोनदा ऐकू येते. अशा वेळी ढोलकीला यंत्राच्या जाळीवर ओढण्याऐवजी तालयंत्राचा झोका ढोलकीकडून मोजून घ्यावा, आणि ढोलकीच्या तुकड्यात फक्त सम तेवढी खिळवून आतले बोल जसे वाजले तसे राहू द्यावेत. चार आवर्तनांचा लांब तुकडा घेतल्यास वादकाच्या हातातील बारीक फरकही त्यात शिल्लक राहतात. तोडा, म्हणजे ठेका सोडून मध्ये वाजवलेला बोलांचा तुकडा, मात्र फेऱ्यांत बसत नाही. तो वेगळ्या पॅडवर ठेवून, दोन्ही पॅड एकाच गटात बांधतात, म्हणजे तोड्याच्या पहिल्या आघाताबरोबर फिरता ठेका आपोआप थांबतो आणि पुढच्या समेवर वादकाला तो पुन्हा काठीने उचलता येतो.