हिवताप ओसरल्यानंतर

गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. परंतु तलावांचा मुलूख ही त्याची ख्याति फार जुनी आहे. मालगुजारी तलाव, त्यांखालच्या धानाच्या बांध्या आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगांव या तालुक्यांच्या जंगलांतील ओढे-नाले यांनीं तो हिरवागार राहिला आहे. याच पाण्यानें हिवतापासहि तेथें ठाण मांडूं दिलें.

हिवताप म्हटला कीं शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें गटार उभें राहतें. हा समज सोडला पाहिजे. गटारांतील डांस बहुधा क्यूलेक्स जातीचे. त्यांच्याकडे हत्तीरोगाचें खातें! हिवतापाचा जंतु वाहणारी अ‍ॅनाफिलीस जातीची मादी स्वच्छ, संथ पाणी पसंत करते. रानांत तिला ओढा व बांधी मिळते. शहरांत आपल्या गच्चीवरची उघडी टांकी. रोनाल्ड रॉस यांस १८९७ सालीं सिकंदराबादेस डांसाच्या जठरांत हा जंतु सांपडला. पुढील संशोधनांत असें दिसून आलें कीं, रोग्याचें रक्त प्यालेली मादी लागलीच रोग देऊं शकत नाहीं. तिच्या शरीरांत जंतूची वाढ पुरी होण्यास सुमारें १० ते १२ दिवस लागतात. झाडून सारे डांस मारणें कोणासच साधणार नाहीं. पण तेवढे दिवस या मादीस जगूं दिलें नाहीं तरी पुरे.

१९५३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचें मर्म हेंच होतें. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर विसांवते, म्हणून घरांच्या आंतल्या भिंतींवर डी. डी. टी. फवारण्यांत आली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशांत वर्षाकांठीं ७.५ कोटी लोकांस हा ताप येत असे, असा अंदाज आहे. १९६५ सालीं नोंदलेले रोगी सुमारें १ लाख उरले. हें यशच अंगाशीं आलें. पैसा व पाळत दोन्ही ढिलीं पडलीं, डांस औषधास सरावले, आणि १९७६ सालीं रोगी ६४ लाखांवर गेले!

पाळत म्हणजे घरोघर जाऊन तापाची चौकशी करणें आणि बोटाच्या रक्ताचा थेंब कांचपट्टीवर घेणें. आज खेड्यांत आशा कार्यकर्ती हें काम करते. तत्काळ निदानाची पट्टीहि तिच्याजवळ असते. काम दिसावयास क्षुल्लक, पण फाल्सिपेरम जातीचा जंतु मेंदूपर्यंत पोंचला तर माणूस हातचा जातो, आणि जंगलांतल्या वस्तीस दवाखाना दूर असतो.

फवारणीची अडचण निराळी. सणापूर्वीं गृहिणी मातीच्या भिंती सारवते, आणि औषध त्या सारवणाखालीं गाडलें जातें. तिला अडाणी म्हणणें मला पटत नाहीं. फवारणीचें वेळापत्रक ठरवितांना पंचांग पाहण्यास काय हरकत आहे?

व्हायव्हॅक्स जातीचा जंतु तर यकृतांत दडून राहतो व महिन्यांनीं पुन्हां उठतो. त्याकरितां वैद्यकीय सल्ल्यानें प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावें लागतें. ताप मात्र दोन-तीन दिवसांतच उतरतो, आणि सुशिक्षित घरांतसुद्धां उरलेल्या गोळ्या फडताळांत पडून राहतात.