ओढणीआडची गाठ

माझ्या थोरल्या बहिणीनं, आपानं, गळ्यावरची गाठ वर्षभर ओढणीआड लपवली. कर्करोग निघेल, ही धास्ती.

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी थायरॉईड ग्रंथी असते. आहारात आयोडीन फार काळ कमी पडलं, तर ती वाढते. वाढलेली ग्रंथी म्हणजेच गलगंड. कधी तिच्यात एखादीच गाठ येते, घोट गिळताना वरखाली होते. अशा शंभरांतल्या नव्वदच्या आसपास गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते नुसतं पाहून ठरत नाही. रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बारीक सुईनं पेशी काढून तपासणी करतात. आवाज बसला, गिळायला त्रास झाला किंवा गाठ भराभर वाढली, तर थांबू नका.

आपाची गाठ साधीच निघाली. वर्षभराची झोप मात्र उगाच गेली.